आई-नानांचा अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा एकदा नाकारला, आता पुन्हा अर्ज करायचा आहे

धुळेकरीण
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. अर्धवट सांगून सल्ला मागितला तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

माझं माहेर अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. नाना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सात एकर शेती, कपाशी आणि दादर ज्वारी. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो, दोन वर्षांपूर्वी तो तिकडचा नागरिक झाला. भावजयीला जूनमध्ये मुलगी झाली. बाळंतपणाआधी पोचावं म्हणून एप्रिलमध्ये आई-नानांचा मुंबईला इंटरव्ह्यू होता. दोघांनाही नकार मिळाला.

अर्ज एका एजंटनं भरला होता. इंटरव्ह्यूच्या आधी आठ दिवस त्यानं दोघांकडून उत्तरं पाठ करून घेतली. काचेपलीकडच्या साहेबांनी नानांना विचारलं, किती दिवस राहणार? नाना म्हणाले, सहा महिने. तेच आईला विचारलं तर ती म्हणाली, सुनेला गरज आहे तवर. मग विचारलं, याआधी कुठे परदेशात गेला होता का? आईनं खरं ते सांगितलं, नेपाळला गेलो होतो पशुपतिनाथाला. साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. दोन-तीन मिनिटांत पासपोर्ट परत आणि सोबत एक छापील कागद. साहेब बोलायला सौजन्यानं होते, आवाजसुद्धा चढवला नाही, हे मुद्दाम सांगते.

त्या रात्री खान्देश एक्स्प्रेसनं मुंबईहून निघालो. नाना रात्रभर खिडकीशी बसून होते. सातबारा, आठ-अ, पेन्शनची ऑर्डर, भावाचं पत्र, सगळं नव्या प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये मांडीवर. नंदुरबारला चहा घेतला तेव्हा पहिलं वाक्य बोलले, "फाईल उघडलीसुद्धा नाही गं." अमळनेर यायच्या आधी म्हणाले, "गावात कोणी विचारलं तर सांग, तारीख पुढे गेली." माझ्या बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायची तयारी करताना पाहिलं.

आता नात तीन महिन्यांची झाली. भाऊ म्हणतो पुन्हा भरू. नाना म्हणतात, पुन्हा तोंड दाखवायला जायचं नाही. मला विचारायचं आहे ते इतकंच: एकदा नाकारल्यावर किती थांबावं लागतं, आणि दुसऱ्यांदा वेगळं काय करायचं? नवीन कागद कुठले जोडायचे?

---

बोरीकाठ
रविवार, रात्री ११:०२

ताई, नानांचं वाचून गलबललं. आमच्या गल्लीत तीन घरांत हेच झालंय आणि तिन्ही घरांनी "तारीख पुढे गेली" असंच सांगितलं. नानांना सांगा, ते एकटे नाहीत.

---

जर्सीतला खान्देशी
सोमवार, सकाळी ७:४०

ताई, मी मूळचा भडगावचा. माझ्या आईचा व्हिसा दुसऱ्या खेपेला मिळाला, त्यामुळे या वाटेचे खड्डे माहीत आहेत.

त्या छापील कागदावर २१४(बी) असं असेल. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं ते कलम आहे. कायदा मुळातच असं धरून चालतो की व्हिसा मागायला आलेला माणूस कायमचा राहायला चाललाय, आणि तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. म्हणजे नानांवर कोणी खोटेपणाचा शिक्का मारलेला नाही. त्या दोन-तीन मिनिटांत पटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे त्यांना नीट समजावून सांगा, कारण आमची आई सहा महिने हेच धरून बसली होती की आपलं नाव काळ्या यादीत गेलं.

या नकारावर अपील नसतं. थांबायची मुदतही नसते, उद्यासुद्धा पुन्हा अर्ज करता येतो. मात्र सगळं नव्यानं: नवा डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), नवी फी, नवा स्लॉट. फी माणशी १८५ डॉलर, जून २०२३ च्या आधी १६० होती. आधीची फी परत मिळत नाही. जुलै २०२५ मधल्या एका कायद्यानं वर आणखी २५० डॉलरची व्हिसा फी मंजूर झाली आहे, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचाच आकडा धरा, एजंटच्या तोंडचा नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, नवीन कागद कुठले. ताई, कागदांवर अडकू नका. भावाचं आमंत्रण पत्र लागतच नाही. त्याची पगाराची स्लिप, बँकेचा तक्ता, त्याचं नागरिकत्व, यानं नानांचं पारडं जड होत नाही. मुलगा नागरिक आहे म्हणून आईबापांना व्हिजिटर व्हिसा मिळायचा हक्क तयार होत नाही. बघतात ते अर्जदाराचं स्वतःचं आयुष्य: इथे काय आहे, कशासाठी चाललाय, कशासाठी परत येणार. आणि ते बघतात फॉर्ममध्ये आणि तोंडी उत्तरात. फाईल क्वचितच उघडतात. म्हणून सगळ्यात आधी एजंटकडून पहिल्या डीएस-१६० ची प्रत मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. नेपाळचं तुम्ही लिहिलंय, तिथे माझ्या मनात शंका आली आहे.

---

धुळेकरीण
बुधवार, रात्री ९:३०

दादा, शंका खरी निघाली. एजंट आधी टाळत होता, मी दुकानात जाऊन बसले तेव्हा प्रत मिळाली.

"गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशात प्रवास केला का" या प्रश्नापुढे दोघांच्याही अर्जात "नाही". आई-नाना तीन वर्षांपूर्वी गावच्या यात्रेच्या बसनं काठमांडूला जाऊन आले आहेत. नेपाळला मतदार कार्डावर जाता येतं, पासपोर्टवर शिक्का नाही, म्हणून एजंटनं विचारलंच नाही. आईनं काचेसमोर खरं सांगितलं आणि कागद तिच्या विरोधात बोलला.

एवढ्यावर थांबलेलं नाही. नानांच्या धंद्याच्या रकान्यात फक्त "निवृत्त". शेतीचा एक शब्द नाही. मुक्काम मे ते नोव्हेंबर, सहा महिने. अहो, मेअखेर कपाशीची लागवड, जूनमध्ये पेरणी, नोव्हेंबरात वेचणी आणि त्याच महिन्यात पेन्शनरांचा हयातीचा दाखला. शेतकरी माणूस अख्खा खरीप हंगाम सोडून परदेशात राहणार, हे नानांच्या गड्यालाही पटलं नसतं. ते साहेबांना कसं पटावं?

मी हे नानांना वाचून दाखवलं. ओट्यावर बसून त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पान स्वतः पाहिलं आणि लाल पेन मागितला. वही तपासावी तशा खुणा केल्या. मग म्हणाले, "हा अर्ज माझा नव्हताच." पुन्हा जायला ते त्या क्षणी तयार झाले.

---

मिरचीपथारी
गुरुवार, दुपारी १:१०

नंदुरबारहून लिहितोय. आमच्याही घरी हेच चाललंय, म्हणून मध्येच विचारतो. आईच्या आधारवर नावापुढे "बाई" आहे, पासपोर्टवर नाही, मतदार कार्डावर तिसरंच. शिवाय पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, पूर्ण नाव एकाच ओळीत. अर्ज बाद होईल का?

---

जर्सीतला खान्देशी
गुरुवार, रात्री ८:२०

भाऊ, अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरालाही धक्का नको. "बाई"वालं आणि मतदार कार्डावरचं नाव "इतर नावं" विचारतात तिथे लिहा. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर पासपोर्टवरचं ते पूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लागतं. पण व्हिसाच्या आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यायला वेळ असेल तर तो घ्या. पुढे तिकीट, विमा, विमानतळ, सगळीकडे तेच नाव चिकटतं.

---

काळी माती
शुक्रवार, सकाळी १०:४५

माझा प्रश्न थोडा नाजूक आहे. माझा मोठा भाऊ शिकागोकडे नागरिक आहे. त्यानं भावंडांच्या वर्गात माझ्यासाठी तिकडे कायमचं राहायला येण्याचं पिटिशन भरलंय, त्याचा नंबर यायला अजून किती वर्षं जातील देव जाणे. मला फक्त पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. माझाही व्हिसा एकदा नाकारला. आता दुसरा एजंट म्हणतो, "तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का" यापुढे "नाही" लिहा, कोण बघतं. आणि सुरतेचा एकजण म्हणतो बँकॉकला जाऊन इंटरव्ह्यू द्या, तिथे सोपं जातं.

---

जर्सीतला खान्देशी
शुक्रवार, रात्री ९:०५

हात जोडून सांगतो, "नाही" लिहू नका. पिटिशन त्यांच्याच सरकारकडे नोंदलेलं आहे. २१४(बी) चा नकार पुढच्या अर्जात धुऊन निघू शकतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असा शेरा पडला तर ते कलम वेगळं, २१२(ए)(६)(सी), आणि ती अपात्रता जन्मभराची. पिटिशन आहे म्हणून व्हिजिटर व्हिसा आपोआप नाकारतात असं नाही, पण कायमचं जायची इच्छा कागदावर आहेच, त्यामुळे पटवणं जड जातं. ते जड काम खरं बोलूनच करायचं.

बँकॉकचं विसरा. सप्टेंबर २०२५ पासून सांगणं असं आहे की आपल्या देशात किंवा आपण राहतो त्या देशातच इंटरव्ह्यू घ्या. त्याच महिन्यापासून इंटरव्ह्यूची सूटही बरीच काढून घेतली. पूर्वी ८० वर्षांच्या आजोबांना बहुतेक वेळा इंटरव्ह्यूला जावं लागत नसे, आता त्यांनाही जावं लागतं. आणि स्लॉट घेताना जपून: जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते, दुसऱ्यांदा बदलायची तर फी पुन्हा भरावी लागते.

---

गुरुजी निवृत्त
शनिवार, सकाळी ६:५०

धुळेकरीण ताई, मी नानांच्याच पेशातला. ३४ वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला पहिल्या तीन शब्दांत कळतं. पोरगं डोळे वर नेतं, एका सुरात बोलतं आणि मधला एक शब्द विसरलं की सगळंच कोसळतं. आईबापांचं तसंच होतं.

आम्हा दोघांचा व्हिसा दुसऱ्या खेपेला झाला. तेव्हा मुलीनं आम्हाला काहीच पाठ करू दिलं नाही. रोज जेवताना एक प्रश्न विचारायची: तुमच्या जावयाचं काम काय? परत आल्यावर पहिलं काय करणार? घराची किल्ली कोणाकडे ठेवणार? आम्ही आपल्या भाषेत सांगायचो. ती फक्त दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते बघायची.

आणि मुंबईत इंटरव्ह्यू मराठीत होतो, मागायला लाजू नका. इंग्रजीत दोन वाक्यं बोलून छाप पडत नाही.

---

धुळेकरीण
शनिवार, दुपारी ३:१५

गुरुजी, आईला मराठी समजतं सगळं, पण घाबरली की अहिराणीत शिरते. एप्रिलमध्ये तेच झालं, दुभाषी बाईंनी दोनदा पुन्हा विचारलं.

---

गुरुजी निवृत्त
शनिवार, सायंकाळी ५:३०

तर तिला आधीच सांगा, सावकाश बोल, समजलं नाही तर पुन्हा विचार. पुन्हा विचारणं गुन्हा नाही. न समजता मान हलवणं घातक.

---

लेवाकन्या
रविवार, दुपारी १२:००

यावलची, सध्या ब्रॅम्प्टन. कॅनडावाल्यांसाठी लिहून ठेवते, कारण इथला रिवाज अगदी वेगळा आहे आणि लोक अमेरिकेचे सल्ले इकडे लावतात.

कॅनडात कागदच बोलतात, इंटरव्ह्यू सहसा नसतो. व्हिजिटर व्हिसाची फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. आमच्या वेळी नकाराच्या पत्रात ठरावीक वाक्यं असायची, खरं कारण अधिकाऱ्याच्या टिपणात असायचं. ते टिपण माहिती अधिकारासारखा अर्ज करून ५ डॉलरमध्ये मागवता येतं. आम्ही ते मागवलं तेव्हा कळलं की सासऱ्यांच्या खात्यात अर्जाच्या आधी दहा दिवस जमा झालेली मोठी रक्कम खटकली होती. ती केळीची पट्टी होती, म्हणजे माल विकल्याचे पैसे! रावेरच्या व्यापाऱ्याची पावती जोडायची कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या अर्जात पट्टी, बँक नोंद आणि साध्या चार ओळींचं स्पष्टीकरण जोडलं.

आणि मुलगा किंवा मुलगी तिकडची नागरिक किंवा पीआर (कायमची रहिवासी) असेल तर आईबापांसाठी सुपर व्हिसा बघा. जुलै २०२२ पासून एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला मुलाचं उत्पन्न, मेडिकल आणि किमान १ लाख डॉलरचा एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. म्हणजे तिथे मुलाचे कागद महत्त्वाचे, अमेरिकेत नाहीत.

---

धुळेकरीण
मंगळवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी आहेत. अर्ज भरला. कसा भरला ते सांगते, कोणाला उपयोग होईल.

एजंट नाही. रविवारी सकाळी भाऊ तिकडे रात्रीचा जागा राहिला, मी माहेरी गेले, फोन कपाटाला टेकवून ठेवला. प्रत्येक प्रश्न मी मराठीत वाचला, आई-नानांनी उत्तर दिलं, भावानं टाईप केलं. चार तास लागले. मध्ये फॉर्म दोनदा बंद पडला, दर पानाला सेव्ह करायची सवय ठेवा.

"पूर्वी व्हिसा नाकारला गेला का" याला "हो", महिना, मुंबई आणि २१४(बी). नेपाळ लिहिलं. पहिल्या अर्जात ते राहून गेलं होतं हे विचारलं तर नाना स्वतः सांगणार आहेत. धंद्यात शिक्षक म्हणून निवृत्त आणि शेती, दोन्ही आलं. आईनं "घरकाम" लिहू दिलं नाही. म्हणाली, निंदणी, वेचणी, दोन म्हशी, हे कोणाचं काम? तेही लिहिलं. सोशल मीडियाच्या रकान्यात तिचं फेसबुक खातं निघालं, ते नातीचे फोटो बघायला भावानंच उघडून दिलेलं.

मुक्कामावर सगळ्यात जास्त बोललो. भावाला वाटत होतं पाच महिने तरी. नाना म्हणाले, कपाशीची शेवटची वेचणी जानेवारीत आटोपते, दादर काका बघेल, तेव्हा जाऊ. आणि परत कधी, हे आईनं एका वाक्यात संपवलं: "आखाजीले घर येनं शे." आम्ही दोघी बहिणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतो, आंब्याला झोका बांधतात, ते तिनं आजवर एक वर्षही चुकवलेलं नाही. म्हणजे साधारण ११ आठवडे. हे कोणी शिकवलेलं नाही, त्यांच्या घरातलंच आहे.

स्लॉट डिसेंबरचा मिळाला. अर्जाचा बारकोड आणि अपॉइंटमेंटवरचा नंबर तीनदा ताडून पाहिला.

---

काळी माती
डिसेंबर, सोमवार, रात्री ८:००

माझा इंटरव्ह्यू मागच्या आठवड्यात झाला. पिटिशन खरं लिहिलं. नकारच आला. वाईट वाटलं, पण घरी येऊन सरळ सांगितलं की नाकारला, तारीखबिरीख काही नाही. लग्न फोनवर बघेन. भाऊ उन्हाळ्यात सगळ्यांना घेऊन एरंडोलला येतोय.

---

बोरीकाठ
सोमवार, रात्री ८:१२

दादा, वरात इथे काढू. सगळे येऊ.

---

धुळेकरीण
डिसेंबर, शुक्रवार, रात्री ११:२०

काळी माती दादा, तुमचं वाचून आनंदाची बातमी लिहायला हात धजत नव्हता, पण तुम्हीच फोन करून लिही म्हणालात.

मिळाला. दोघांनाही.

इंटरव्ह्यू चार मिनिटांचा. नानांना विचारलं, मागच्या वेळी काय झालं होतं? नाना म्हणाले, अर्ज दुसऱ्यानं भरला होता, मी न वाचता पाठवला, चूक माझी, नेपाळ राहून गेलं होतं. शेतीत काय पिकतं, आता कोण बघणार, हे विचारलं. मग आईला, परत कधी येणार? तिला मराठी शब्द सुचला नाही, ती "आखाजीले" म्हणाली. दुभाषी बाई थोड्या थांबल्या, मग हसून त्यांनी साहेबांना इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. कदाचित त्या आपल्याकडच्याच असतील. साहेबांनी पासपोर्ट ठेवून घेतले.

फाईल या वेळीही उघडली नाही. नानांनी ती घरी नेऊन परत पेटीत ठेवली आणि त्याच संध्याकाळी पारावर जाऊन सगळं सांगितलं, एप्रिलपासूनचं. तारीख पुढे गेली नव्हती, नाकारला होता, हेही.

व्हिसा १० वर्षांचा आहे. भाऊ म्हणाला, तिथे किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर बघायची. विमा काढतोय, नानांना बीपी आहे म्हणून आधीपासूनचे आजार धरणारी पॉलिसी शोधतोय. कोणाला माहिती असेल तर सांगा.

आणि आईचा प्रश्न: बिबडे (ज्वारीचे पापड) नेता येतील का? तिनं आत्ताच ज्वारी भिजत घातली आहे.

---

जर्सीतला खान्देशी
शनिवार, सकाळी ७:१५

अभिनंदन! नानांना माझा नमस्कार सांगा.

बिबडे कडक वाळवून, घट्ट डब्यात. आमची आई दर वेळी आणते. फक्त उतरल्यावर कस्टमवाल्यांना आपणहून सांगायचं की खायचं सामान आहे. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर बघतात आणि सोडतात किंवा एखादी वस्तू काढून घेतात. बियाणं, ताजी भाजी, फळं नकोत. भरताची वांगी नेण्याचा मोह आवरा, ती इथे मिळत नाहीत हे मला माहीत आहे.

जानेवारीअखेर इथे बर्फ असतो. आईसाठी लोकरीचे मोजे आणि कानटोपी आत्ताच घ्या, बाकीचं भाऊ इथे घेईल.

---

धुळेकरीण
शनिवार, सकाळी ९:४०

मोजे काल आग्रा रोडवरून आणले. आई म्हणते, अर्धे बिबडे तुमच्यासाठी काढून ठेवते, पत्ता भावाला पाठवा.